हमाममध्ये जरूर जा, पण गोरं व्हायला नको

पत्र

ताई, माझं लग्न दोन महिन्यांवर आलंय. मी २७ वर्षांची, सांगलीची. रंग सावळा. मावशीने हौसेने इथल्या एका पार्लरमध्ये 'मोरोक्कन बाथ'चं पाच सिटिंगचं पॅकेज घेऊन दिलंय. 'हळदीपर्यंत दोन शेड उजळेल' असं पार्लरवालीने सांगितलंय. पहिल्या सिटिंगला काळा साबण फासून खरखरीत हातमोज्याने इतकं घासलं की अंगावरून करड्या सुरळ्या निघाल्या. मावशी सगळ्यांसमोर म्हणाली, "बघ, किती मळ होता!" मला रडूच आलं, कारण मी रोज नीट अंघोळ करते. आज चार दिवस झाले, दंड आणि पाठ अजून चुरचुरतेय. उरलेली सिटिंग करू का? दुसरं म्हणजे, लग्नानंतर आम्ही दोघं खुद्द मोरोक्कोलाच जाणार आहोत, माराकेश आणि एसाविरा. तिथल्या खऱ्या हमाममध्ये, म्हणजे वाफेच्या सार्वजनिक स्नानगृहात, जावंसं फार वाटतं, पण परक्या बायकांसमोर कपडे काढायच्या विचारानेच अंगावर काटा येतो. जावं का? आणि तिथून काय आणावं?

— होणारी नवरी, सांगली

उत्तर

प्रिय मुली,

आधी तातडीचं. उरलेली सिटिंग करायची नाहीत. चार दिवसांनीही चुरचुरतंय याचा अर्थ कातडीचा वरचा संरक्षक थर नको तितका खरवडला गेलाय. तो आपला आपण भरून येतो, फक्त त्याला सवड द्यायला हवी. पुढचे पंधरा दिवस दंडाला आणि पाठीला काहीही घासायचं नाही. घासणी नाही, स्क्रब नाही, उटणं नाही, आणि कुणी कितीही आग्रह केला तरी लिंबू-बेसन नाही. अंघोळीला कोमट पाणी घे, सौम्य साबण वापर, तोही जिथे घाम येतो तेवढ्यापुरता. अंग टिपून घेतलं की लगेच, कातडी दमट असतानाच, बिनवासाचं मॉइश्चरायझर लाव. बाहेर पडताना पूर्ण बाह्यांचं काहीतरी घाल, कारण अशा हुळहुळ्या कातडीवर ऊन पडलं की डाग धरतात.

फोड आले, पाणी सुटलं किंवा आठवडाभरात उतार पडला नाही, तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखव. शेजारणीने सांगितलेली मलमाची ट्यूब मात्र मेडिकलमधून परस्पर आणू नकोस. अशा बऱ्याच ट्यूबांमध्ये स्टेरॉइड असतं. चार दिवस छान वाटतं, मग कातडी पातळ होते, चेहऱ्यावर पुरळ उठतं आणि मलम सोडलं की दुप्पट उसळतं. लग्नाच्या तोंडावर हे दुखणं मागे लावून घेऊ नकोस.

आता त्या सुरळ्यांबद्दल, कारण तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त टोचलं ते हेच. तो मळ नव्हता. आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचाच असतो. तळाशी नव्या पेशी जन्मतात, हळूहळू वर सरकतात, वाटेत चपट्या आणि कोरड्या होतात आणि शेवटी गळून पडतात. हा सगळा प्रवास साधारण चार आठवड्यांचा. वाफेने आणि साबणाने हा वरचा थर फुगतो, मऊ पडतो, आणि त्यावर खरखरीत कापड फिरलं की साबणात मिसळून त्याच्या सुरळ्या वळल्या जातात. सकाळी चोळून अंघोळ केलेल्या माणसाच्याही वळल्या जातात. दर आठवड्याला हमाममध्ये जाणाऱ्या मोरोक्कन बायकांच्या दर आठवड्याला निघतात, आणि त्यावरून तिथे कुणी कुणाला काही बोलत नाही. मावशीला हे माहीत नव्हतं, म्हणून तिच्या तोंडून तसं निघालं. तू हा परिच्छेद तिला वाचून दाखव.

आणि रंग? तो या थरात ठरत नाही. मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य ज्या पेशी बनवतात त्या बाह्यत्वचेच्या तळाशी बसलेल्या असतात. हातमोजा तिथवर पोचत नाही आणि पोचलाच तर ती जखम होते. मेलेल्या पेशी निघाल्या की कातडी दोन-चार दिवस तुकतुकीत दिसते, उजेड तिच्यावर सारखा पडतो, आणि त्यालाच 'उजळलं' म्हणून विकतात. जास्त घासलं तर नेमकं उलटं होतं. सावळ्या कातडीला दाह झाला की ती त्या जागी जास्त रंगद्रव्य बनवते आणि काळपट डाग महिनोन्‌महिने राहतो. आपल्याकडे नायलॉनच्या घासणीने वर्षानुवर्षं पाठ, मान आणि नडग्या रगडणाऱ्यांच्या अंगावर काळसर पट्टे उमटतात. त्वचेच्या डॉक्टरांकडे असे पेशंट नेहमीचे असतात. पाचही सिटिंग झाली असती तर हळदीच्या पाटावर तू दंडावरचे डाग झाकत बसली असतीस. 'दोन शेड उजळेल' हे वाक्य ज्या पार्लरमध्ये कानावर येतं, तिथे कातडी कुणाच्या हाती देऊ नये, असं माझं स्वच्छ मत आहे. तुझा सावळा रंग तुझा आहे, छान आहे, आणि लग्नासाठी त्यात काहीही दुरुस्त करायचं नाही.

हळदीचं राहिलं. नुकत्याच घासलेल्या किंवा वॅक्सिंग केलेल्या कातडीवर ओली हळद लागली की झोंबते, लालसर चट्टे उठतात. म्हणून घासण्याचा कुठलाही प्रकार, घरच्या उटण्यासकट, हळदीच्या किमान आठवडाभर आधी थांबव. वॅक्सिंगही तीन-चार दिवस आधीच उरकून घे.

आता मोरोक्को.

'मोरोक्कन बाथ' हे नाव आखाती देशांतल्या सलूनमध्ये रुळलेलं आहे आणि आपल्याकडच्या पार्लरच्या दरपत्रकावर ते आता सर्रास दिसतं. खुद्द मोरोक्कोत कुणी पाच सिटिंग घेत नाही. तिथे हमाम म्हणजे मोहल्ल्यातली आठवड्याची अंघोळ. आई, आजी, लेकी, शेजारणी बादल्या घेऊन जातात आणि दोन-तीन तास तिथे रमतात. रोमन काळातल्या वोलुबिलिस शहराच्या अवशेषांत सार्वजनिक स्नानगृहं सापडली आहेत आणि त्याच जागी नंतरच्या इद्रिसी राजघराण्याच्या काळातला हमामही. म्हणजे गरम खोल्यांत बसून अंग धुण्याची रीत त्या मातीत फार जुनी आहे. जुन्या शहरांत प्रत्येक वस्तीला मशीद, कुराण शिकवणारी शाळा, पाण्याचं कारंजं, पावाची भट्टी आणि हमाम या पाच गोष्टी लागतच. माराकेशला गेलीस की मुआसीन भागात फिरून ये. सोळाव्या शतकात सादी घराण्यातल्या सुलतान अब्दुल्ला अल-गालिबने तिथे मशीद, मदरसा, कारंजं आणि हमाम असं सगळं एकाच जागी उभं करवलं, आणि ते आजही पाहता येतं.

हमामच्या मागच्या अंगाला भट्टी असते. तिथे लाकूड, भुसा, ऑलिव्हच्या बिया असं काय काय जळत असतं. वरच्या टाकीतलं पाणी आणि आतल्या खोलीची फरशी त्याच जाळावर तापते. भट्टी सांभाळणारा माणूस आणखी एक काम करतो. माराकेशचे लोक मटण, लसूण, केशर, जिरं आणि मुरवलेलं लिंबू मातीच्या उभट मडक्यात भरून त्याच्याकडे आणून देतात, तो ते गरम राखेत पुरून ठेवतो आणि कित्येक तासांनी शिजलेलं परत देतो. याला तांजिया म्हणतात. मांसाहारी असाल तर नक्की खा. ज्या राखेवर गावाच्या अंघोळीचं पाणी तापतं, त्याच राखेत गावाचं जेवण शिजतं, हे मला फार आवडतं.

आतली मांडणी सगळीकडे साधारण सारखीच असते. बाहेरची खोली गार, मधली कोमट, आतली गरम. जुन्या हमामांच्या घुमटांना छोटी भोकं असतात, काच बसवलेली, आणि वाफेतून उजेडाच्या तिरिपा खाली उतरतात. फेस या जुन्या शहरातल्या तांबटांच्या चौकालगतचा सफारीन हमाम चौदाव्या शतकातला आहे. तो पाहिलास तर ही मांडणी किती विचाराने केली आहे ते कळेल. अर्थात तुमच्या कार्यक्रमात फेस नाही, त्यासाठी मुद्दाम धावपळ करू नकोस.

लाजेचं बोलू. हमाममध्ये चड्डी अंगावरच असते. पूर्ण विवस्त्र होणं तिथे वाईट समजलं जातं. वरचे कपडे बहुतेक बायका काढतात, तुला नको असेल तर ब्रा राहू दे, कुणी हटकणार नाही. फक्त पाठ नीट घासली जाणार नाही, एवढंच. गडद रंगाची जुनी चड्डी घालून जा आणि कोरडी सोबत ने. आणि खरं सांगते, आत कुणाला तुझ्याकडे बघायला वेळ नसतो. एक आजी सुनेच्या डोक्याला माती लावत असते, कुणी बादल्या भरत असतं, एखादं पोर साबण डोळ्यांत गेला म्हणून भोकाड पसरत असतं. दहाव्या मिनिटाला तुझंच तुझ्याकडे लक्ष राहणार नाही. एकटी आलेली बाई शेजारच्या अनोळखी बाईला पाठ घासून देशील का असं बिनदिक्कत विचारते, आणि मग तिचीही पाठ घासून देते. तुला कुणी विचारलं तर लाजू नकोस, घासून दे.

दारात पैसे घेणारी आणि सामान राखणारी बाई बसलेली असते, तिला गल्लासा म्हणतात. मोहल्ल्यातल्या हमामचा प्रवेश साधारण १० ते २० दिरहम असतो. घासून देणारी तय्याबा वेगळी, तिचे पैसे वेगळे, ते आत जाण्याआधी बोलून घे आणि वर थोडी बक्षिसी ठेव. या बायकांचं पोट याच कामावर आहे. दुष्काळामुळे २०२४ मध्ये कासाब्लांकासह अनेक शहरांत हमाम आठवड्यातून तीन दिवस बंद ठेवायचा हुकूम निघाला, तेव्हा झळ बसली ती गल्लासा, तय्याबा आणि भट्टीवाल्यालाच. म्हणून पाणीही जपून वापर. तिथे बादलीने मोजून अंघोळ होते, नळ सोडून ठेवत नाहीत.

सोबत काय न्यायचं? रबरी चप्पल, बसायला छोटी चटई, टॉवेल, कंगवा, साबण आणि हातमोजा. बादल्या बहुतेक ठिकाणी मिळतात. मौल्यवान काही नेऊ नकोस. मंगळसूत्र नवं असेल, तेही खोलीवर सुरक्षित ठेवून जा. शुक्रवार आणि शनिवार-रविवार टाळ, गर्दी असते. रमजानच्या तोंडावर आणि ईदच्या आधी तर पाय ठेवायला जागा नसते, आणि रमजानमध्ये वेळाही बदलतात, तेव्हा तुमच्या तारखा तपासून ठेव. पाळीच्या दिवसांत जायचं नाही. रक्तदाब, हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल, किंवा दिवस गेल्याची शंका असेल, तर गरम खोलीत बसायचं नाही.

आता प्रत्यक्ष कृती सांगते, कारण तुझ्या पार्लरमध्ये काय चुकलं ते यातून कळेल. मी फेसमध्ये ज्या तय्याबाच्या हाती पडले ती पन्नाशीची, धिप्पाड, फारसं न बोलणारी बाई होती. तिने मला गरम खोलीत बसवलं, अंगावर गरम पाण्याचे तांबे ओतले आणि निघून गेली. बराच वेळ आलीच नाही. घाम धारांनी वाहायला लागला तेव्हा आली, ऑलिव्हचा मऊ साबण हाताने अंगभर पातळ फासला आणि पुन्हा गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा साबण सगळा धुऊन काढला आणि मगच हातमोजा घातला. तो साबण तसाच अंगावर ठेवून घासत नाहीत, मोजा निसटतो. तिने मला चटईवर आडवं केलं, माझा हात आपल्या मांडीवर घेतला आणि मनगटापासून खांद्यापर्यंत लांब, सरळ, एकाच दाबाचे हात फिरवले. एका जागी रगडणं नाही. पोटावर हलकं, मानेवर त्याहून हलकं, छातीवर जेमतेम, चेहऱ्याला तो मोजा लावलाच नाही. कूस बदलायची झाली की मांडीवर दोन थापट्या. सुरळ्या निघायला लागल्या तेव्हा तिने माझ्या दंडावर बोट ठेवून त्या मला दाखवल्या, आपलं काम चोख झालंय हे मी पाहावं म्हणून. दुसऱ्या दिवशी अंगावर एकही लाल रेघ नव्हती.

फरक इथेच आहे. कातडी आधी पुरती भिजली, मऊ झाली की मोज्याला जोर लागतच नाही. पार्लरच्या तासाभराच्या वेळेत वाफेला, साबणाला आणि थांबण्याला वेळ देत नाहीत, आणि ती कसर मनगटाच्या जोराने भरून काढतात. तुझे दंड त्यामुळे सोलवटले.

घासून झालं की केसांना घासूल नावाची माती लावतात. मधल्या ॲटलस डोंगरांच्या पलीकडे, मुलूया नदीच्या खोऱ्यात मिसूरजवळ या मातीच्या खाणी आहेत. तिच्यात मॅग्नेशियम भरपूर असतं आणि पाणी लागलं की ती फुगून लोण्यासारखी होते. चपट्या, तपकिरी खापऱ्यांसारखी विकतात. गुलाबपाण्यात किंवा संत्र्याच्या फुलांच्या पाण्यात भिजवून केसांना आणि अंगाला लावायची आणि वाळू न देता धुवायची. वाळली की कातडी ओढली जाते. मग भरपूर पाणी, आणि बाहेरच्या गार खोलीत टॉवेल गुंडाळून निवांत पडायचं, पाणी प्यायचं, संत्रं सोलून खायचं. लगेच उठून चालू लागू नकोस, चक्कर येते. तेल सगळ्यात शेवटी, ओलसर अंगावर, चार थेंब. आपल्या अभ्यंगात तेल आधी आणि उटणं नंतर, तिथे क्रम अगदी उलटा आहे. निघताना कुणी "बसह्हा" म्हणालं, तर नुकती अंघोळ झालेल्या माणसाला द्यायची ती शुभेच्छा आहे. हसून "अल्लाह यअतिक सह्हा" म्हण, बायका खूश होतात.

तुझ्या अहोंचं काय? पुरुषांची वेळ किंवा दार वेगळं असतं, तिथे घासणारा पुरुषच असतो आणि तो हातपाय ओढून मोडून काढण्यात वाकबगार असतो. पाठीचं जुनं दुखणं असेल तर त्यांनी आधीच खुणेने सांगावं. दोघांना एकत्र हवं असेल तर हॉटेलांतले आणि रियादांतले, म्हणजे अंगणाच्या जुन्या घरांत थाटलेल्या अतिथिगृहांतले, खासगी हमाम आहेत. तिथे मेणबत्त्या, गुलाबाच्या पाकळ्या, मंद संगीत सगळं मिळतं आणि पैसे कित्येक पट लागतात. हौस म्हणून एकदा करा, मधुचंद्रच आहे. पण मला विचारशील तर मोहल्ल्यातला हमाम सोडू नकोस. तुम्ही उतराल त्या रियादमध्ये काम करणाऱ्या बाईला विचार, ती स्वतः कुठे जाते आणि बायकांची वेळ कोणती. बहुतेक वेळा ती सोबतच येते.

आणायचं काय, ते आता भराभर सांगते.

साबण घे. त्याला तिथे सबून बेल्दी म्हणतात. ऑलिव्हचं तेल आणि पोटॅशचा क्षार यांच्यापासून तो बनतो आणि पोटॅशमुळेच वडी न होता मऊ लगदा राहतो. रंग मधासारख्या तपकिरीपासून गडद हिरव्यापर्यंत. बाजारात उघड्या ढिगातून तोलून देतात, तू मात्र बंद डबीतला छोटा घे. ऑनलाइन 'आफ्रिकन ब्लॅक सोप' दिसतो तो हा नव्हे. तो पश्चिम आफ्रिकेतला, केळीच्या जातीच्या फळांची सालं आणि कोकोची टरफलं जाळून केलेल्या राखेचा, वेगळाच साबण आहे. सबून बेल्दी बराच अल्कधर्मी असतो, म्हणून रोज नाही आणि चेहऱ्याला नाही.

आर्गन तेल घे, पण डोळे उघडे ठेवून. हे झाड मोरोक्कोच्या नैऋत्येला, एसाविरा, अगादीर, तारूदांत या पट्ट्यात वाढतं. त्या सगळ्या प्रदेशाला युनेस्कोने १९९८ मध्ये संरक्षित जीवावरणाचा दर्जा दिला आणि २०१४ मध्ये तेल काढण्याचं तिथल्या बायकांचं ज्ञान अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. बाया फळातली टणक कवची दोन दगडांमध्ये धरून एकेक करून फोडतात. आतली बी भाजून काढलेलं तेल खायचं, त्याला खमंग वास येतो आणि रंग गडद असतो. न भाजता काढलेलं अंगाला लावायचं, ते फिकट सोनेरी आणि वासाला अगदी सौम्य असतं. एका लिटरसाठी साधारण ३० किलो फळं लागतात, तेव्हा स्वस्त मिळालं तर त्यात भेसळ धरून चाल. गडद काचेची बाटली हवी आणि घटकांत 'अरगानिया स्पायनोसा कर्नल ऑइल' एवढं एकच नाव हवं. माराकेशहून एसाविराला जाताना रस्त्यात बायकांच्या सहकारी संस्था लागतात, तिथे काम बघून घेता येतं. त्याच रस्त्यावर पर्यटकांच्या फोटोंसाठी शेळ्या झाडावर चढवून बांधून ठेवलेल्या दिसतात, तिथे गाडी थांबवू नका. आर्गन, बदाम आणि मध यांचं अमलू नावाचं वाटण मिळतं, ते सासूबाईंसाठी आण, पोळीबरोबर सुरेख लागतं.

गुलाबपाणी घ्यायचं तर कलात मगूना गावचं नाव असलेलं बघ. दादेस खोऱ्यातलं हे गाव दमास्क गुलाबासाठी प्रसिद्ध आहे आणि मे महिन्यात तिथे गुलाबांचा मोठा उत्सव भरतो.

काही गोष्टी मात्र अजिबात नको. चौकात बसून कुणी 'काळी मेंदी' लावू लागलं तर हात मागे घे. खरी मेंदी काळी कधीच रंगत नाही. त्या काळेपणासाठी केसांच्या डायमधलं रसायन घालतात आणि त्याने फोड येऊन कायमचे व्रण राहिलेले आहेत. उघड्यावर विकला जाणारा सुरमाही नको, त्यात शिसं असू शकतं. आणि 'नीला' नावाची निळी पूड दाखवून कुणी रंग उजळायची भाषा केली, तर सांगलीच्या पार्लरला द्यायचं तेच उत्तर त्यालाही दे.

लग्नापर्यंत घरी काही करायचंच असेल, तर कातडी पूर्ण बरी झाल्यावर, आणि हळदीच्या किमान आठवडाभर आधी, एकदाच कर. बाथरूमचं दार लावून गरम पाण्याच्या बादल्यांनी वाफ धरू दे, पाटावर बसून पंधरा मिनिटं अंगावर गरम पाणी घेत राहा, मऊ सुती पंचाने हलकेच पूस, हातमोजा नको. मुलतानी माती गुलाबपाण्यात कालवून लाव आणि ओली असतानाच धू. ती मोरीत जाऊ देऊ नकोस, नळी तुंबते, आधी बादलीत खंगाळ. शेवटी तिळाचं तेल लाव. आर्गनसाठी अडून बसायची गरज नाही, त्यातली मुख्य दोन मेदाम्लं तिळाच्या तेलातही आहेतच.

राहिले चार सिटिंगचे पैसे. अंगावरचे लाल चट्टे अजून दिसत असतील तर आजच फोटो काढून ठेव, पॅकेजची पावती शोध आणि पार्लरमध्ये मावशीलाच घेऊन जा. पॅकेज तिने हौसेने घेतलंय, तुला त्रास झाला हे कळल्यावर बोलणी तीच तुझ्यापेक्षा नेटाने करेल. पैसे परत द्यायला तयार नसतील, तर तेवढ्या रकमेत तुझी, आईची आणि मावशीची मेंदी आणि केशरचना करून मागा.

— तुझी ताई